घरची अहिराणी आणि पहिलीचे वाचन

प्रश्न : घरी अहिराणी बोलली जाते. पहिलीतली मुलगी ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा वाचते; बाराखडी पाठ असूनही नव्या शब्दाशी अडते. अहिराणी बंद करावी काय? – एक पालक, अमळनेर

उत्तर : मुळीच नाही. ‘ळ’चा ‘य’ होणे हे खानदेशी बोलींचे ध्वनिवैशिष्ट्य असून, आपल्या मुलीने ‘डोया’ म्हणताना शब्द आणि अर्थ दोन्ही ओळखलेले आहेत. खरी अडचण बाराखडी केवळ ओळीने म्हणण्यात आहे. अक्षर-ध्वनी पद्धतीत, म्हणजे चिन्ह व उच्चार यांची सांगड घालताना, म, क, र आणि काना एवढ्यांतूनच ‘मका’, ‘काम’, ‘मार’ जुळवून घ्यावेत. पहिली वेलांटी अक्षराआधी लिहिली जाऊन नंतर उच्चारली जात असल्याने ती सावकाश शिकवावी. शिकलेली अक्षरेही सतत गोंधळत असल्यास दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे.