आधी चुना, मग पॅनल

बाबू, बेसाला घर घेतलंस, वरचा स्लॅब तुझा स्वतःचा आहे, बरं झालं. आता सोलरवाल्यांचे फोनावर फोन येऊन राहिले म्हणतोस. येऊ दे. उन्हाळा सरेपर्यंत थांबा म्हण त्यांना, आणि तोवर आत्याचं ऐक.

२०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. त्या दिवसांत रात्री अकराला मी पलंगावर उभी राहून स्लॅबला खालून हात लावून पाहिला. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा लागला. तेव्हा कळलं की कूलर बिचारा वाऱ्याशी नाही, डोक्यावरच्या स्लॅबशी भांडतो आहे. त्याच्या पुढच्या वर्षापासून आमच्या गच्चीला चुना लागतो.

होळी झाली की गच्ची झाडून, धुऊन, कोरडी होऊ द्यायची. चुनकळी लोखंडी ड्रममध्ये भिजवायची. प्लॅस्टिकची बादली नको आणि अॅल्युमिनियमचं पातेलं तर मुळीच नको. पाणी आपोआप उकळू लागतं, तेव्हा ड्रमवर तोंड धरून वाकायचं नाही, पोरंटोरं लांब. दुसऱ्या दिवशी जुन्या सुती लुगड्यातून गाळायचा, थोडं फेविकॉल घालायचं, म्हणजे पाय ठेवला की तळव्याला लागत नाही. ऊन कललं की पहिला हात, दुसऱ्या संध्याकाळी आडवा दुसरा. चुना लावताना पाण्याच्या पाइपाच्या तोंडात फडकं कोंब आणि वाळल्यावर आठवणीनं काढ, नाहीतर पाइप बुजून पावसाळ्यात गच्चीचं तळं होईल. पाऊस चुना धुऊन नेतो. नेऊ दे, तोवर नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, निघून गेलेला असतो.

आधी घर सुधारायचं हे काही माझंच खूळ नाही. अमेरिकेत १९७६ पासून सरकार गरिबांच्या घरांच्या दारं-खिडक्यांच्या फटी बुजवून देतं, भिंती-माळ्यात उष्णता अडवणारा थर भरून देतं, म्हणजे घर तापवायचा खर्च उतरतो. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच काढलं. मी मात्र चुन्यासाठी अनुदानाचा अर्ज कधी भरला नाही. चुना माझा, पॅनलला पैसे सरकारचे, असंच चाललं आहे.

आता पंखे. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. चार पंखे रोज पंधरा तास फिरले तर महिन्याला ८० युनिटं वाचतात. एक किलोवॉटचं सोलर दिवसाला साधारण चार युनिटं देतं, महिन्याला १२०. म्हणजे नुसते पंखे बदलून दोन तृतीयांश किलोवॉट कमावलास, गच्चीवर एकही खांब न रोवता. दिवे तर २०१५ च्या उजाला योजनेपासून बहुतेकांकडे एलईडीच आहेत. आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेव रे, एसीसारखं सगळं बंद करून बसू नको. ओली हवा बाहेर गेली नाही तर गादीसुद्धा चिकचिकते. कूलरच्या ताट्याही दरवर्षी बदल.

हे सगळं झालं की मे-जूनची बिलं पाहा, मग सोलरचा आकार ठरव. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये मिळतात, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे कितीही लाव, ७८,००० वर एक पैसा नाही. विकणारा पाच किलोवॉट घ्या म्हणेल, त्याला काय जातं? वर्षभराची बेरीज होऊन ३१ मार्चला उरलेली युनिटं महावितरण घेतं ती किरकोळ भावात, आपण घेतो त्या दरानं नाही. तुझी कामवाली बाई महिन्याला १०० युनिटांच्या आत बिल येतं म्हणत होती, तिला सांग की तिच्यासारख्यांसाठी राज्यानं २०२५ मध्ये स्मार्ट योजना काढली आहे, एक किलोवॉटसाठी केंद्राच्या पैशांवर आणखी भर मिळते.

पैसे आधी तुला भरायचे आहेत, अनुदान मागाहून, पॅनल बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर खात्यात येतं. म्हणून विकणारा नोंदणीकृत आहे ना आणि पॅनल भारतीय बनावटीचे आहेत ना, हे कागदावर घे. परदेशी सेल असले की अनुदान नाही. पाच वर्षं देखभाल त्याच्या माथी, तेही लिहून घे.

आणि बिलावरचं नाव! नागपूरच्या महाल भागात आमचं बिल सासऱ्यांच्या नावावर होतं, ते जाऊन बारा वर्षं झाली होती. पॅनल गच्चीवर, मीटर तयार, आणि आम्ही नाव बदलायला चपला झिजवत होतो. बिल, आधार आणि बँक पासबुक एकावर एक ठेवून बघ. एका वेलांटीचा फरक असला तरी आधी तो मिटव.

पॅनल जरा उंच बसवून घे, खालून वारा खेळू दे. फार तापलं की त्याचीही वीज घटते, मेमध्ये कमी पडली तर घाबरू नको. धुवायचं ते सकाळी सहाला. तापलेल्या काचेवर पाणी ओतलं की ती तडकू शकते. वानरं येतात तुमच्याकडे? मग वायरी पाइपातून ने.

चुन्याचा ड्रम माझ्याकडचा ने. पण होळीच्या आधी सांग, नंतर तो शेजारच्या तिन्ही घरी फिरतो आणि मला परत मागून आणावा लागतो.