धोट्याची जाळी : टॅटिंगचा पहिला पाठ

शीत प्रदेशांत हिमवर्षाव सुरू झाला की घराबाहेरची कामे थांबतात आणि लांबलेल्या संध्याकाळी हातांना काही उद्योग हवासा वाटतो. अशा वेळी करण्याजोग्या हस्तकलांपैकी टॅटिंग ही एक होय. प्रस्तुत पाठ मराठीत सिद्ध झाला तो मात्र बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत. येथे बर्फ नाही. जानेवारीतील पहाटही साधारण पंधरा-सोळा अंशांची असते. रिकामा वेळ येथे असतो तो घरात नव्हे, प्रवासात. 1978 साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर वसू लागलेल्या या औद्योगिक वसाहतीत 2025 साली मेट्रो पोहोचली. तत्पूर्वी आणि आजही अनेकांचे तास कंपनीच्या बसमध्ये जातात. टॅटिंगला टोकदार सुई लागत नाही, सारे साहित्य मुठीत मावते, आणि उतरण्याचे ठिकाण आले की काम जसेच्या तसे पिशवीत टाकता येते.

साहित्य म्हणजे सुती दोरा आणि होडीच्या आकाराचा, बोटभर लांबीचा धोटा. जर्मन भाषेत या कलेला ‘होडीकाम’ अशा अर्थाचे नाव आहे. फ्रेंचांनी तिला ‘फ्रिव्होलिते’, म्हणजे पोरकटपणा, म्हटले. हे नाव अन्यायाचे आहे, कारण ही जाळी अत्यंत टिकाऊ असते. क्रोशाचा टाका ओढताच उसवतो. येथे प्रत्येक टाका गाठ असते.

धोट्यावर गुंडाळलेल्या दोऱ्याचे मोकळे टोक डाव्या हाताच्या अंगठा व तर्जनीत धरावे आणि दोरा बोटांभोवती फिरवून कडे करावे. धोटा कड्याच्या दोऱ्याखालून नेऊन वरून परत आणला की अर्धी गाठ होते. आता सर्व मर्म पुढील क्षणात आहे. डाव्या हाताची बोटे सैल सोडावीत आणि धोट्याचा दोरा ताठ ओढावा. तसे करताच गाठ धोट्याच्या दोऱ्यावरून उडी मारून कड्याच्या दोऱ्यावर जाते. दुसरी अर्धी गाठ उलट, म्हणजे वरून नेऊन खालून आणावी, आणि तीही अशीच उलटवावी.

गाठ उलटली नाही तर कडे मिटत नाही, आणि पुष्कळदा दोरा कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अनुवादकाची पहिली सात कडी अशीच कात्रीला बळी पडली. म्हणून प्रत्येक गाठ धोट्याच्या दोऱ्यावर मागेपुढे सरकते की नाही, हे लगेच पाहावे. दोन रंगांचे दोरे एकत्र बांधून एक रंग बोटांभोवती व दुसरा धोट्यावर ठेवल्यास चूक तत्काळ दिसते : गाठी बोटांवरच्या रंगाच्याच दिसावयास हव्यात.

पाच गाठींनंतर किंचित अंतर सोडून पुढची गाठ घालावी आणि ती मागच्या गाठीला भिडवावी. मधला दोरा कमानीसारखा वर येतो. यालाच ‘पिको’ म्हणतात. साडीच्या काठाला आपण जे पिको करवून घेतो, तो शब्द हाच. पाच गाठी, पिको, असे तीनदा करून शेवटी पाच गाठी घालाव्यात व धोट्याचा दोरा ओढून कडे मिटवावे. अर्धा सेंटिमीटर दोरा सोडून दुसरे कडे सुरू करावे. त्याच्या पाच गाठी झाल्यावर पिको न घालता पहिल्या कड्याच्या शेवटच्या पिकोतून बोटांवरचा दोरा आकड्याने वर काढावा आणि त्या फासातून धोटा पार करावा. ही दोन कडी जोडली गेली. रुमालाच्या एका बाजूला अशी वीस-बावीस कडी पुरतात.