‘म्हणे’चा लोप : समाजमाध्यमांतील कथन आणि लोणारचे गुलाबी पाणी

‘म्हणे’ हे मराठीतील एक लहानसे रूप आहे. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ उघड आहे. परंतु वाक्याच्या शेवटी ते आले, की त्याचे क्रियापदत्व मागे पडते आणि ते एक निराळीच जबाबदारी पत्करते. ‘तळ्याचे पाणी लाल झाले’ आणि ‘तळ्याचे पाणी लाल झाले म्हणे’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. बदलला आहे तो बोलणाऱ्याचा त्या घटनेशी असलेला संबंध. दुसऱ्या वाक्यात वक्ता सांगतो, की हे मी पाहिलेले नाही; ज्याने पाहिले तो दुसरा आहे; मी केवळ मधला आहे. ऐकणाऱ्याला त्यामुळे ‘कोण म्हणे?’ असा प्रश्न करण्याची वाट मोकळी राहते. समाजमाध्यमांनी मराठी माणसाच्या परस्परसंवादात घडवून आणलेल्या बदलांविषयी पुष्कळ बोलले जाते. बहुधा ते वेळेच्या अपव्ययाविषयी किंवा भाषेच्या अशुद्धतेविषयी असते. प्रस्तुत लेखात त्याहून मूलभूत वाटणाऱ्या एका बदलाचा विचार करावयाचा आहे. तो म्हणजे कथनातून या ‘म्हणे’चा झालेला लोप.

या विचाराला निमित्त लोणारचे आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. त्याचे पाणी खारे व अल्कधर्मी असून एरवी ते हिरवट दिसते. २०२०च्या जूनमध्ये, दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी, ते गुलाबी दिसू लागले. टाळेबंदीचे दिवस होते. बाहेरचा प्रवासी विवराच्या काठावर येणे दुरापास्त होते. तरीही अवघ्या दोन-तीन दिवसांत हे गुलाबी पाणी महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले, कारण काठावर उभ्या असलेल्या कोणाच्या तरी हातात भ्रमणध्वनी होता. अमेरिकेच्या नासा या संस्थेने २५ मे आणि १० जून २०२० या दिवशींची उपग्रहचित्रे शेजारी ठेवून प्रसिद्ध केली, आणि मग शंकेला जागा उरली नाही. छायाचित्र खरे होते. हे मुद्दाम नमूद करावयाचे, कारण समाजमाध्यमांवरील कथनाची चर्चा खोट्या बातमीपासून सुरू करण्याचा प्रघात पडला आहे. येथे बातमी खरी होती, आणि तरीही तिच्या प्रवासात काहीतरी गळून पडले.

चित्र क्षणात पोहोचले; कारण मात्र चालत आले. कोणी खारटपणा वाढल्याचे सांगितले, कोणी शेवाळाचे. रंगबदल पूर्वीही दिसलेला असून या वेळी तो अधिक ठळक आहे, असेही त्या वेळी जाणकारांनी सांगितले होते. सरोवराच्या संवर्धनाविषयीची याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर चालू होती. तिच्या ओघात पाण्याच्या नमुन्यांची तपासणी झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या, म्हणजे हॅलोआर्किया या गटाच्या रंगद्रव्यामुळे हा रंग आल्याचा निष्कर्ष काढला. पाऊस कमी, बाष्पीभवन अधिक, त्यामुळे क्षारता वाढलेली, आणि त्या क्षारतेत हे जीव फोफावलेले, अशी ती कारणपरंपरा होती. पावसाने पाणी वाढल्यावर रंगही ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारचा रामसर पाणथळींच्या यादीतील समावेश जाहीर झाला.

आता प्रश्न असा, की ‘काठावर उभा असलेला कोणीतरी’ कोण होता? त्याने काय पाहिले, किती वाजता, कोणत्या बाजूने? तळ्याची रोजची वाट तुडवणारा तो गावकरी होता, की वनखात्याचा कर्मचारी? पूर्वी असे पाणी त्याने पाहिले होते काय? जे चित्र लक्षावधी लोकांनी पाहिले, त्याच्या सोबत ही उत्तरे फिरली नाहीत. साक्षीदार मागे राहिला आणि साक्ष पुढे गेली.

योगायोग असा, की याच लोणारशी मराठी गद्याच्या आरंभकाळातील एका अगदी उलट वृत्तीच्या ग्रंथाचा संबंध आहे. चक्रधरस्वामींच्या लोणार येथील वास्तव्याच्या लीळा ‘लीळाचरित्रा’त आहेत, यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आल्याची लीळाही लोणारचीच. स्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी या लीळा जमविल्या त्या घरी बसून नव्हे. ज्याने ती लीळा प्रत्यक्ष पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे जाऊन, विचारून, ताडून त्यांनी त्या लिहिल्या. पुढे मूळ पोथी धाडीत गेल्यावर अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, आणि तेव्हा पाठांत भेद आले. महानुभावांनी हे भेद पुसून टाकले नाहीत. निराळा पाठ ज्याचा त्याच्या नावानिशी, हिराइसेचा तो हिराइसेच्या, परशरामबासांचा तो परशरामबासांच्या, असा त्यांनी नोंदविला. या पाठभेदाला त्यांनी ‘वासना’ म्हटले, आणि मागाहून हाती आलेल्या अधिक तपशिलाला ‘शोधु’. डॉ. वि. भि. कोलते यांच्या १९७८ सालच्या आवृत्तीत हे भेद डोळ्यांखालून घालणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभी त्यांचा अडथळाच वाटतो. परंतु एकाच प्रसंगाच्या दोन वासना शेजारी ठेवून वाचू लागले, की ज्यांनी तो प्रसंग सांभाळून आणला, ती माणसे डोळ्यांसमोर उभी राहू लागतात. ‘वासना’ हे शास्त्रशुद्ध केलेले ‘म्हणे’ आहे. फरक इतकाच, की त्यात कोण म्हणे हेही सांगितलेले असते.

पुराणांची रीत याहून फार वेगळी नाही. लवणासुराच्या वधाची, आणि म्हणून लोणारच्या दैत्यसूदनाची, कथा भाविकाला ज्या परंपरेतून मिळते, त्या परंपरेत कथा कधीही नुसती येत नाही. नैमिषारण्यात सूत शौनकादिकांना सांगतो. सूताने ती आणखी कोणाकडून ऐकलेली असते. त्या कोणाचेही नाव असते. ही साखळी ऐतिहासिक नाही हे उघडच आहे. तिचे मोल ऐतिहासिकतेत नाही. सांगणाऱ्यावाचून सांगणे संभवत नाही, असा एक संकेत तिने शतकानुशतके श्रोत्यांच्या मनात रुजविला.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो बिनतोड वाटण्याजोगा आहे. आपले लोकसाहित्य तर निनावीच आहे. जात्यावरची ओवी कोणाची? ‘आटपाट नगर होते’ हे कोणी प्रथम म्हटले? मग समाजमाध्यमांवरील निनावी मजकूर हा त्या लोकपरंपरेचाच पुढचा टप्पा का मानू नये? काही अभ्यासक तसे मानू पाहतात, आणि त्यासाठी वॉल्टर ऑंग यांच्या १९८२ सालच्या ग्रंथातील दुय्यम मौखिकतेच्या कल्पनेचा आधार घेतात. मला हे साम्य वरवरचे वाटते. ओवीचा कर्ता अज्ञात असतो. ओवी गाणारी मात्र समोर, खुंट्याला हात लावून बसलेली असते. ती आपल्या भावाचे, आपल्या लेकीचे नाव ओवीत गुंफते आणि त्या क्षणी ओवी तिची होते. श्रावणातली कहाणी आजी सांगते. विसरली तर थांबते, नात ‘पुढे काय?’ विचारते. कर्ता हरवला तरी कथक हरवलेला नसतो. ऑंग यांच्यासमोर आकाशवाणी, दूरध्वनी व दूरचित्रवाणी ही माध्यमे होती, आणि त्या तिन्हींत आवाज हा कोणाचा तरी आवाज होता. पुढे ढकललेल्या मजकुरात आवाजच नसतो. पाठविणारा असतो, सांगणारा नसतो.

येथे भाषेची साक्ष काढणे उपयोगी ठरेल. अफवेसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही: वदंता, किंवदंती, आवई, भुमका, कंडी, हूल. यांच्यासोबत येणारी क्रियापदे पाहावीत. कंडी कोणीतरी पिकवतो, हूल कोणीतरी देतो, आवई कोणीतरी उठवतो. शब्दातच गुन्हेगार दडलेला आहे. आता समाजमाध्यमांची क्रियापदे पाहावीत. मेसेज ‘येतो’, व्हिडिओ ‘फिरतो’, पोस्ट ‘व्हायरल होते’. सारी अकर्मक. जणू हे मजकूर ऋतूंप्रमाणे आपोआप येतात. मराठी विनोदबुद्धीने या प्रकाराला ‘ढकलपत्र’ असे नाव दिले, आणि व्हॉट्सॲपला ‘कायप्पा’. ‘ढकलपत्रा’त निदान ढकलणाऱ्याची चाहूल आहे. दुर्दैवाने तो शब्द गमतीपुरताच राहिला.

या प्रकाराचा सर्वांत विलक्षण आविष्कार प्रथमपुरुषी मजकुरात दिसतो. ‘काल मी बसने येत असताना’ अशा आरंभाचा हृद्य प्रसंग एखादे काका कुटुंबाच्या गटावर टाकतात. भाची विचारते, ‘काका, तुम्ही काल कुठे गेला होतात?’ उत्तर येते, ‘अगं, माझं नाही, आलेलं आहे.’ कथनशास्त्राच्या वर्गात निवेदक आणि लेखक यांतील भेद समजावून सांगण्यास आपल्याला दोन तासिका लागतात. हा भेद येथे घरोघरी, रोज, कोणालाही न खुपता वावरत असतो. ‘मी’ हे सर्वनाम कोणाचेच नसलेला असा ‘मी’ मराठी गद्याने याआधी क्वचितच पाहिला असेल.

नाव असले तरी प्रकरण मिटत नाही. पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांनी कधीही न लिहिलेले मजकूर त्यांच्या नावाने फिरतात, हे कोणत्याही अध्यापकास सांगावयास नको. संतसाहित्याचा अभ्यासक म्हणेल, की हे तर जुनेच आहे. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा लावून किती प्रक्षिप्त अभंग गाथेत शिरले, नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचनांची किती सरमिसळ झाली! ते खरेच आहे. परंतु तुकोबांच्या मुद्रेखाली आपला अभंग दडविणारा अज्ञात कवी स्वतःला पुसून एका परंपरेत विलीन होत होता; उलट दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपविणाऱ्या सालोमालोची कथा परंपरेने निंदेसाठी जपून ठेवली. म्हणजे नावाची अदलाबदल हा नैतिक प्रश्न आहे, याची जाण दोन्हीकडे होती. आजच्या ढकलपत्राखालचे ‘पु. ल.’ हे बहुधा भक्तीने लावलेले नसते, द्वेषानेही नसते. ते शिक्क्यासारखे असते, मजकूर पुढे सरकावा म्हणून.

सरोवराच्या रंगाबाबत हा लोप फारसा उपद्रवी ठरला नाही. लोकांना कुतूहल वाटले, काहींना भय वाटले, पुढे पाऊस आला. परंतु १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या मजकुरांनी भारलेल्या जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती मंगळवेढा परिसरातून भिक्षा मागण्यासाठी आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. साहित्याच्या अभ्यासकाने या घटनेपाशी थांबले पाहिजे. वासुदेव, गोंधळी, डवरी गोसावी हे गावोगाव फिरणारे लोक म्हणजे मुद्रणपूर्व महाराष्ट्राची संज्ञापनव्यवस्था होती. एका गावचे गाणे, एका मुलखाची वार्ता दुसरीकडे जाई ती त्यांच्या पायांनी. ते सांगत ते खरेच असे असे नव्हे. पण ते दारात उभे राहून सांगत. त्यांचा वेष, त्यांची बोली, त्यांचे वाद्य हीच त्यांची ओळख होती, आणि न पटल्यास त्यांना उलट विचारता येत असे. राईनपाड्याच्या बाजारात ही देहधारी वार्ता आणि देह नसलेली वार्ता एकमेकींसमोर आल्या. त्या पाच जणांना कोणी, कोठले, असे शांतपणे विचारून खातरजमा करण्याइतकाही अवसर जमावाने दिला नाही; मजकूर कोणी सांगितला, हे तर कोणी विचारलेच नव्हते.

याचा अर्थ समाजमाध्यमांकडे केवळ संशयाने पाहावे, असा नाही. एका गोष्टीचे श्रेय त्यांना निःसंशय दिले पाहिजे. ज्या वऱ्हाडीला ग्रामीण कथा-कवितेबाहेर लेखनात सहसा जागा नव्हती, ती आज लोणार-मेहकरकडील तरुणांच्या बोटांतून रोज लिहिली जाते, आणि तीही विनोदासाठीच नव्हे, तर साध्या निरोपासाठी. बोलीचा एवढा लिखित पुरावा आजवर कधीच उपलब्ध नव्हता. येथेच एक लक्षणीय गोष्ट नजरेस येते. माणूस स्वतः लिहितो तेव्हा ‘तयाचं पानी गुलाबी झालं म्हने’ असेच लिहितो. ‘म्हणे’ मराठी माणसाच्या मनातून गेलेले नाही. ढकललेला मजकूर वाचून तो पारावर किंवा दूरध्वनीवर सांगताना ‘व्हॉट्सॲपवर आलंय म्हणे’ असे म्हणतो, आणि श्रोता भुवया उंचावतो. लोप होतो तो मधल्या एका क्षणात, बोट मजकुरावर दाबून तो जसाच्या तसा पुढे पाठविला जातो तेव्हा. तो मजकूर स्वतःच्या शब्दांत सांगावा लागला असता, तर वाक्याच्या अखेरीस ते दोन अक्षरी रूप सवयीनेच आले असते. पुनर्कथनाचे श्रम वाचले, आणि त्या श्रमांतच ‘म्हणे’ राहत होते.

जुलै २०१८ मध्ये, राईनपाड्याच्या घटनेनंतर थोड्याच दिवसांत, व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या मजकुरावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाच ठिकाणीच तो पाठविता येईल अशी मर्यादा घातली. अनेकवार ढकललेल्या मजकुरासाठी पुढे दुहेरी बाणाची खूण आली, आणि एप्रिल २०२०पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येऊ लागला. लोणारची चित्रे फिरली ती या खुणा अस्तित्वात आल्यानंतरच. ही खूण म्हणजे यंत्राने उमटविलेले ‘म्हणे’ होय. मजकूर दुसऱ्याचा आहे एवढे ती सांगते, कोणाचा ते सांगत नाही; हिराइसेचे नाव तिच्यात नाही. शिवाय ती वाक्याच्या आत नसून त्याच्या माथ्यावर असते. मजकूर निवडून, उचलून, दुसरीकडे नव्याने चिकटविला, की ती मागेच राहते.