संक्रांतीचे भेटकार्ड : ठसा, साचा आणि नक्षीचा कागद



दसरा झाला की आपल्या भागातील कितीतरी माणसे ऊसतोडीला जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, ती घरी नसतात. माझे आई-बाबाही जातात. मी आजीजवळ राहते आणि शाळेत येते. दिवाळीनंतरचा मोठा सण म्हणजे संक्रांत. तिळगूळ द्यायचा तर माणसे दूर. म्हणून गेल्या जानेवारीत मी भेटकार्ड करून पाठवले. ते कसे करायचे, त्याचा हा पाठ.

तुम्ही म्हणाल, आता घरोघरी फोन आहेत, मग कार्ड कशाला? मीही आईशी फोनवर बोलते. पण फोन ठेवला की आवाज गेला. कार्ड तसे नाही. ते कोपीच्या कुडाला खोचून ठेवता येते आणि रात्री दमून आल्यावर पुन्हा पाहता येते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. पण ठसा तिला वाचता येतो. तो कसा, ते पुढे सांगते.

भेटकार्डाची थोडी माहिती

छापील नाताळ-कार्ड पहिल्यांदा 1843 साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना पुष्कळ लोकांना पत्रे लिहायची होती आणि वेळ नव्हता. म्हणून त्यांनी हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले व त्याच्या हजारभर प्रती छापल्या. म्हणजे छापील कार्ड निघाले ते वेळ वाचवण्यासाठी! आपले हाताचे कार्ड याच्या उलट आहे. आपण त्याला वेळ देतो, आणि तो दिलेला वेळ पाहणाऱ्याला दिसतो.

दुसरी गोष्ट एका मुलीची. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफ या संस्थेने युरोपातील मुलांना मदत पाठवली. चेकोस्लोव्हाकियातील यित्का नावाच्या 7 वर्षांच्या मुलीने आभार मानण्यासाठी एक चित्र काढून दिले. त्या चित्राचे 1949 साली कार्ड झाले. युनिसेफचे ते पहिले कार्ड. पहा बरे, आपल्यापेक्षा लहान मुलीचे चित्र केवढे दूर गेले!

आपल्याकडेही संक्रांतीला लहानसे रंगीत कार्ड आणि त्यासोबत पुडीत हलव्याचे चार दाणे पाकिटात घालून पाठवण्याची पद्धत होती. आजीला ती चांगली आठवते.

ठसे आपल्या ओळखीचेच आहेत

ठसा म्हणजे काही नवीन वस्तू नाही. मोठ्या गुरुजींच्या टेबलावर शाळेचा शिक्का आहे. पोस्टात तिकिटावर गोल शिक्का मारतात, त्यात गावाचे नाव आणि तारीख असते. पोळ्याला आपण गेरूत पेल्याची कड बुडवून बैलांच्या अंगावर गोल उठवतो, तोही ठसाच.

नक्षी शिकायची तर आपल्याला लांब जायला नको. अजिंठ्याची लेणी आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहेत. शाळेच्या सहलीत पुष्कळजण खांबांकडे आणि मूर्तींकडे पाहतात, छताकडे कमीजण पाहतात. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात मान वर करून पहा. छतावर चौकटी पाडून त्यांत कमळे, फळे, वेली आणि पक्षी रंगवले आहेत. हंसांची रांगही आहे. त्या कारागिरांनी हे ठशाने केलेले नाही, हाताने रंगवले आहे. म्हणून एक हंस दुसऱ्यासारखा नसतो. पण चौकट आखायची, तीत एक आकृती घ्यायची आणि पुढच्या चौकटीत ती थोडी बदलून पुन्हा घ्यायची, ही रीत आपल्या नक्षीच्या कागदालाही उपयोगी पडते.

1909 च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या चित्रकार बाई लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी इकडे आल्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून तरुण चित्रकार आले होते, त्यांत नंदलाल बोस होते. त्यांचा तळ आपल्या फर्दापूरला होता. पुढे नंदलालबाबू शांतिनिकेतनात मोठे शिक्षक झाले. भारताच्या संविधानाच्या मूळ प्रतीवरील सजावट त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. एवढे मोठे चित्रकार, पण साध्या पोस्टकार्डावर चित्रे काढून ते विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना पाठवीत. मग आपण का पाठवू नये?

साहित्य

जाड ड्रॉइंगचा कागद, जुन्या कॅलेंडरची पाने, पुठ्ठा, पट्टी, पेन्सिल, कात्री, डिंक किंवा खळ, संपलेले बॉलपेन, गेरू, हळद, काजळी, जुने फडके, डब्याचे झाकण, भेंडी, बटाटा आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा. विकत आणावे लागते ते फक्त कागदाचे. बाकी सगळे घरात किंवा पंक्चरच्या दुकानात मिळते.

कृती

1. कागद कापणे. ड्रॉइंगचा ताव 56 सेंटीमीटर लांब व 38 सेंटीमीटर रुंद घेतला. एका कार्डाला 14 गुणिले 18 चा तुकडा लागतो. लांबीत 4 आणि रुंदीत 2, म्हणजे एका तावात 8 कार्डे बसतात. रुंदीत 2 सेंटीमीटरची पट्टी उरते, ती पुस्तकातील खुणेसाठी ठेवावी. तुकडा मधोमध दुमडला की 14 गुणिले 9 चे कार्ड होते. साधे पोस्टकार्डही एवढेच असते.

2. घडी घालणे. नुसती दुमडली तर घडी फाटरी येते. पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ दाबून घ्यावी, मग दुमडावे. कागदालाही लाकडासारखी धाटणी असते. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पहा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या बाजूने घडी स्वच्छ येते.

3. भाजीचे ठसे. भेंडी आडवी कापली की पाच-सहा पाकळ्यांचे फूल तयार. केळीच्या पानाचा दांडा आडवा कापला की जाळीची चंद्रकोर मिळते. बटाटा मधोमध कापून त्यावर हवी ती आकृती कोरता येते. कापलेला भाग फडक्याने टिपून कोरडा करावा, नाहीतर पाणी सुटून रंग पसरतो. सुरी वापरताना घरातले मोठे माणूस जवळ असावे.

4. टिकाऊ ठसा. भाजीचा ठसा दुसऱ्या दिवशी सुकतो. ट्यूबचा ठसा वर्षानुवर्षे चालतो. ट्यूबमधून आकृती कात्रीने कापावी आणि पंक्चरच्या सोल्युशनने लाकडी ठोकळ्यावर चिकटवावी. ठोकळ्याच्या पाठीवर वरची बाजू कोणती याची खूण करावी.

5. अक्षरांचा ठसा. येथे गंमत आहे. ठशावर अक्षर सरळ कोरले तर कागदावर उलटे उमटते, आरशात दिसते तसे. शाळेचा शिक्का नीट पहा, त्यावरची अक्षरे उलटी असतात. सोपी युक्ती अशी : पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने अक्षर सरळ व ठळक लिहा. तो कागद बटाट्यावर किंवा खोडरबरावर पालथा ठेवा आणि वरून नखाने घासा. अक्षर आपोआप उलटे उतरते. तसेच कोरा, म्हणजे छाप सरळ येईल.

6. रंग. बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घालावा आणि सकाळी गाळून घ्यावा. त्यात वस्त्रगाळ गेरू कालवला की तांबडा रंग झाला. काजळीचा काळा होतो. अजिंठ्याच्या चित्रांतही तांबडी व पिवळी माती आणि काजळी वापरलेली आहे, निळा रंग मात्र दूरदेशीच्या दगडाचा आहे. हळदीचा पिवळा छान दिसतो, पण उन्हात उडतो आणि साबणाचे पाणी लागले तर लाल होतो. रंग दह्यासारखा दाट असावा. झाकणात फडक्याची घडी ठेवून तिच्यावर रंग ओतावा, म्हणजे शिक्क्याची गादी तयार झाली. ठसा गादीवर टेकवावा, कागदावर सरळ दाबावा आणि सरळ उचलावा. घासू नये.

7. नक्षीचा कागद. कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर 14 गुणिले 4 सेंटीमीटरची पट्टी आखा. तिच्यात 2 सेंटीमीटरचे चौकोन पाडा. ते 14 होतात. एक आड एक ठसा उठवला तर 7 ठसे लागतात आणि सोंगट्यांच्या पटासारखी नक्षी दिसते. रिकाम्या चौकोनांत दुसऱ्या रंगाचा ठेंगणा ठसा द्यावा. वाळल्यावर ही पट्टी कार्डाच्या दर्शनी बाजूवर चिकटवावी.

8. साचा. ठसा रंग देतो आणि साचा आकार देतो. छापखान्यात साच्याला ‘डाय’ म्हणतात. पोलादाची पातळ धारदार पट्टी हव्या त्या आकारात वाकवून फळीत बसवतात. यंत्राने दाबले की कागद त्याच आकारात कापला जातो. लग्नपत्रिकांच्या कमानी अशा कापतात. आपल्याकडे यंत्र नाही, म्हणून पुठ्ठ्याचा साचा करावा. पुठ्ठ्याचा पतंग किंवा सुगड कापून घ्या, तो रंगीत कागदावर ठेवून कडेने रेघ मारा आणि कापा. एकच साचा वर्गातल्या सर्वांना पुरतो. करंजीचे कातणे कागदावर दाबून फिरवले तर नागमोडी खूण उमटते, तिच्यावरून कात्री चालवावी. सुगड पांढऱ्या कागदाखाली ठेवून वरून चमच्याच्या पाठीने घासले तर उठावाची आकृती येते. ती रंगाशिवायही बोटांना लागते.

9. मजकूर. थोडकाच लिहावा. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे तर हवेच, पण एक वाक्य आपल्या घरचे असावे. मी लिहिले, ‘आजीचा खोकला बरा आहे. गाय व्याली. कालवड झाली.’ तिळाचा लाडू पाकिटात घालू नये. तेल सुटून कार्डाला डाग पडतात आणि मुंग्या लागतात. चार-पाच दाणे कोरडा हलवा कागदाच्या पुडीत घालावा.

10. पत्ता. ऊसतोडीच्या माणसांचे घर हलते असते, म्हणून पत्ता विचारून घ्यावा. माणसाचे नाव, मुकादमाचे नाव, कारखान्याचे गट कार्यालय, गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड असे सगळे लिहावे. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्याचे आकडे 6 असतात. महाराष्ट्राचा पहिला आकडा 4 आहे. आपल्या भागाचे पहिले तीन आकडे 431. पाकीट 15 गुणिले 10 सेंटीमीटरचे करावे, कार्ड सैल बसते. संक्रांत बहुधा 14 जानेवारीला येते, म्हणून कार्ड निदान दहा दिवस आधी पोस्टात टाकावे.

ठसा वाचता येतो तो कसा

मी माझ्या कार्डावर फुले घेतली नाहीत. पोळ्याला आई आमच्या बैलांवर गेरूचे गोल उठवते, तेच गोल मी पेल्याऐवजी बाटलीच्या झाकणाने नक्षीच्या पट्टीत घेतले. आमचे बैलही गाडीबरोबर ऊसतोडीलाच असतात. बाबा सांगत होते की कार्ड हातात येताच, कोणी वाचून दाखवायच्या आधीच, आई म्हणाली, “ही तर आपल्या बैलाच्या अंगावरची नक्षी! पोरीनंच केलं हे.”

पाकिटात मी एक कोरे पोस्टकार्डही घातले होते. त्यावर आमचा पत्ता आधीच लिहिला होता. ते परत आले. बाबांनी एक ओळ लिहिली होती, ‘आम्ही बरे आहोत, अभ्यास कर.’ त्याखाली आईने चुलीची काजळी बोटाला लावून आपल्या अंगठ्याचे पाच ठसे गोलात उठवले होते. त्याचे फूल झाले होते. आजीने ते कार्ड हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाली, “मला बी वाचाया आलं बघ.”

आईला कागदावर अंगठा द्यावा लागला की ती खाली पाहते. त्या दिवशी तिने आपणहून दिला. या उन्हाळ्यात ती घरी आल्यावर मी तिला तिचे नाव शिकवायला घेतले आहे. पहिले अक्षर झाले.

करून पहा

(1) तुमच्या घराची खूण कोणती? आईची रांगोळी, दाराची कडी, बैलाची झूल, शेतातले पान, यांतील एक निवडा आणि तिचा ठसा करा.
(2) 56 गुणिले 38 च्या दोन तावांत किती कार्डे होतील?
(3) ‘ऊस’ हा शब्द ठशावर कसा कोरावा लागेल, ते आरशासमोर धरून पहा.
(4) आपल्या वर्गातील जे मित्र आई-बाबांबरोबर गेले आहेत, त्यांच्यासाठी प्रत्येकाने एक कार्ड करा. सोबत आपला पत्ता लिहिलेले एक कोरे पोस्टकार्ड घालायला विसरू नका.

पालकांना एक विनंती. कार्ड आले तर उत्तर जरूर पाठवा. लिहिता येत नसेल तरी चालेल. बोटाला काजळी लावा आणि ठसा द्या. आम्ही वाचू.