प्लॉट बघायला मे महिन्यात जा

धाराशिव शहराबाहेर, हायवेपलीकडच्या वसाहतीत आम्ही घर बांधले. त्याचे सुख आधी सांगतो. दारात गाडी लावायला जागा आहे, पोरांना खेळायला मोकळे रान आहे आणि गच्चीवर गेले की बालाघाटची रांग दिसते. तुळजापूर अर्ध्या तासावर, सोलापूर दीड तासाच्या आत. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव चौपदरी रस्त्याचे लोकार्पण जानेवारी २०१९ मध्ये झाले, नव्या रेल्वेमार्गाचेही काम चालू आहे. रस्त्यालगतच्या कितीतरी रानांत आता प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात आणि एजंट ‘हायवे टच, स्टेशन जवळ’ एवढ्यावर सौदा जमवतात. इथे जागा बघणाऱ्या नोकरदार तरुणांना माझे सांगणे आहे, की जागा किती जवळ हे किलोमीटरवर ठरवू नका. आधी पाणी बघा.

आम्ही जागा बघितली ती दिवाळीनंतर. शेजारच्या रानातली विहीर भरलेली होती. पाणाड्याने हातावर नारळ धरून जागा दाखवली, बोअर पाडली, पाणीही चांगले लागले. मार्च सरताना मोटार मधूनच हवा ओढायला लागली आणि एप्रिलमध्ये बोअरने मान टाकली. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी असते ते भेगांमध्ये. भेग लागली तर लागली, नाहीतर शेजाऱ्याची बोअर चालू आणि आपली कोरडी. उजनीचे पाणी जलवाहिनीने शहरात येते, पण आमची वसाहत पडते ग्रामपंचायतीच्या हद्दीत. रस्त्याच्या अलीकडे नळ आणि पलीकडे टँकर, असा आमचा उन्हाळा. रात्री उशिरा टँकरवाल्याचा फोन येतो, ‘निघालोय’. मग टाकीचे झाकण उघडून, बॅटरी घेऊन गच्चीवर उभे राहायचे. पाणी देऊन तो गेला की बायको टाकीत काठी घालून किती भरले ते बघते, आणि धुणे उद्या काढायचे की परवा, हे त्या काठीवर ठरते.

रस्त्याचेही तसेच. नकाशात जिल्हा रुग्णालय आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. एका पावसाळ्यात रात्री वडिलांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, पण डांबरी रस्त्यावरच थांबली, कारण पुढे लेआउटचा रस्ता म्हणजे नुसती काळी माती. वडिलांना खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी उचलून नेले. चिखलात पाय रुतत होते, चपला तिथेच राहिल्या. वडील वाचले. तेव्हापासून कुणी ‘अंतर्गत रस्ते’ म्हणाले की मी विचारतो, त्यावर मुरूम पडलाय का, खडी पडलीय का, की फक्त चुन्याची फक्की मारलीय?

कागदांच्या बाबतीत मराठवाड्यात जास्तच जपावे लागते. निजामाच्या काळात इथे मदतमाश आणि खिदमतमाश अशा इनाम जमिनी दिलेल्या होत्या. मदतमाश निर्वाहासाठी, खिदमतमाश देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी. इनामे रद्द करण्याचा कायदा १९५४ साली झाला, पण त्या जमिनींचे प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत. म्हणून सातबारावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका. जुने फेरफार काढा. एनए आदेश आणि मंजूर लेआउट हातात घेऊन प्रत्यक्ष जागेवर चाला. नकाशातली खुली जागा तिथे खरेच सोडली आहे का, बघा. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेरात नोंदणी लागते, तो क्रमांक मागा.

इसार देण्याआधी त्या वसाहतीत मे महिन्यात एकदा आणि भर पावसात रात्रीचे एकदा जाऊन या. एजंटाला बरोबर नेऊ नका. तिथे आधीपासून राहणाऱ्या बायाबापड्यांना विचारा, पाणी कोण देते, कचरा कोण नेतो, डीपी जळला की लाइनमन किती दिवसांनी येतो. मनासारखी उत्तरे मिळाली तर जरूर घ्या. शहराबाहेर राहणे खरोखर सुखाचे आहे. पण ‘रजिस्ट्री नंतर करू’ म्हणणाऱ्याकडून नुसत्या नोटरीवर प्लॉट कुणीही घेऊ नये.