शिशाचा छर्रा आणि बदकाची पेषणी

पक्ष्यांना दात नसतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मग बदक कठीण दाणे कसे दळते? ते बारीक खडे गिळते. पेषणी या जाड स्नायूंच्या पिशवीत त्या खड्यांमध्ये दाणे भरडले जातात.

आता अमेरिकेतील एखादे तळे डोळ्यांसमोर आणा. बदकांच्या शिकारीच्या एका काडतुसात शंभराहून अधिक छर्रे असतात. त्यांपैकी बहुतेक पाण्यात पडून चिखलात साचतात. बदक त्यांना खडे समजून गिळते. पेषणीत छर्रा झिजतो, आम्लात शिसे विरघळते व रक्तात मिसळते. स्नायू लुळे पडतात, अन्न पुढे सरकत नाही. पोट भरलेले असूनही पक्षी उपासमारीने मरतो.

म्हणून १९९१ पासून तेथे पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांना देशभर बंदी आहे. कॅलिफोर्नियातील काँडोर हा मृतभक्षक पक्षी शिकारीच्या अवशेषांबरोबर शिशाच्या गोळीचे कण खातो. १९८७ मध्ये असे अवघे २७ पक्षी उरले होते. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून सर्वच वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिसे वर्ज्य केले. इतर अनेक राज्यांत मात्र हरणांच्या शिकारीत ते आजही चालते.

पोलादी छर्रा हलका असल्याने त्याचा वेग लवकर मंदावतो, असा शिकाऱ्यांचा आक्षेप असतो. तो खराच आहे. म्हणून पोलादी छर्रा मोठा घेतात. शिशाची घनता ११.३ आणि पोलादाची ७.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. तर तेवढ्याच वजनाच्या पोलादी छर्‍याचा व्यास किती पट असेल? करून पाहा. (उत्तर : सुमारे १.१३ पट.)