गारपीट येण्याच्या आधी

माघ-फाल्गुनात सिंदीच्या शिवारात हरभरा सोंगणीला येतो. गहू पिवळा पडू लागतो. वर्षाचे धन उघड्यावर असते. आणि नेमकी याच दिवसांत गार पडते.

गार होते कशी? उत्तरेकडून थंड वारा येतो. बंगालच्या उपसागराकडून दमट वारा येतो. दोघांची गाठ विदर्भावर पडली की ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतात. तिथे पाणी गोठते. खालून येणारा जोराचा वारा त्या गोट्या झेलून धरतो. त्यांच्यावर बर्फाची पुटे चढत जातात. मोठी गार फोडून पाहा, पुष्कळदा आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. वाऱ्याला ओझे पेलेनासे झाले की ती खाली येते.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र गारांनी झोडपून काढला. आमचा हरभरा सोंगून शेतातच पडला होता. शेजारच्या भाऊला मी म्हटले, "आजच गंजी लावून झाकू." तो म्हणाला, "गुरुजी, आभाळ त सफा आहे. कायले घाई करता?" मलाही ते पटले. चूक माझीच. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पाव तासात घाटे फुटले, दाणा मातीत गेला. भाऊचा मुलगा ताडपत्री घेऊन धावला. डोक्याला गार लागून तीन टाके पडले.

नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा बहुधा एक-दोन दिवस आधी मिळतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच कामाला लागा. फोनवर निरोप आला तर तो स्वतः वाचा.

मग आभाळाकडे पाहत बसू नये. सोंगलेला माल उंच जागी आणावा. खाली लाकडे घालावी. घाटे आत, बुडखे बाहेर अशी गंजी लावावी. ताडपत्री दोरीने आवळावी. नुसत्या दगडांना वारा जुमानत नाही. भोवती नाली काढावी. हरभरा पुरता वाळला असेल तर सोंगून घ्यावा, हिरवा असेल तर राहू द्यावा. ओला माल गंजीत घालू नये. तो तापतो, बुरशी धरतो. ढोरे कोठ्यात बांधावी, झाडाखाली नाही.

गडगडाट ऐकू आला की मात्र गंजी अर्धी राहिली तरी सोडा आणि पक्क्या घरात शिरा. माल पुन्हा पिकतो. शेतात अडकलात तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसा. डोक्यावर टोपली किंवा गोधडी धरा. पोरे गारा वेचायला अंगणात पळतात, त्यांना आवरा.

नुकसान झाले तर तलाठ्याला लगेच कळवा. पंचनाम्याआधी पडलेले पीक हलवू नका. फोटो काढून ठेवा. विमा असेल तर त्यात गारपीट धरली आहे का, हे कागदावर पाहा. पंचनाम्यावर सही करण्याआधी गट नंबर, पीक आणि क्षेत्र वाचा. भाऊच्या कागदावर हरभऱ्याच्या जागी गहू लिहिला होता. त्याची बायको तेव्हा रात्रीच्या वर्गाला येत असे. तिनेच बोट ठेवून ती ओळ दाखवली आणि दुरुस्त करून घेतली.